मेडे, मेडे, मेडे : हा शब्द आला कुठून?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. लोहगावला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की पोटाखाली उघडलेली चाकं मोजता येतात. लेक आता आठवीत आहे. पहिली-दुसरीत असल्यापासून संध्याकाळी गच्चीत उभं राहून विमानं बघायची तिची सवय. २०२५च्या १२ जूनला अहमदाबादचा विमान अपघात झाला आणि त्यानंतर किती तरी दिवस ती गच्चीकडे फिरकली नाही. पुढच्या महिन्यात प्राथमिक अहवाल आला. विमानाने जमीन सोडल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत वैमानिकांपैकी एकाने 'मेडे, मेडे, मेडे' म्हटल्याची नोंद त्यात होती. लेकीने जेवताना विचारलं, "बाबा, मे महिन्याचा इथे काय संबंध? आणि 'वाचवा' असं सरळ का नाही म्हणत?"

तेव्हा 'बघून सांगतो' म्हणालो. प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून जमेल तसं वाचत गेलो. हाती लागलं ते मांडतो.

पहिलं महायुद्ध संपल्यावर लंडन आणि पॅरिसच्या मधे प्रवासी विमानं सुरू झाली. लंडनचा विमानतळ क्रॉयडनला, पॅरिसचा ल बुर्जेला, आणि मधे इंग्लिश खाडी. विमानं लहान, इंजिनं बेभरवशाची, खाली थंडगार पाणी. बोटींसाठी तोवर एसओएस हा संकटाचा इशारा रुळला होता, पण तो मोर्सचा, म्हणजे टिंबं-रेघांचा संकेत, किल्लीवर ठोकायचा. विमानांत आता तोंडाने बोलायचा रेडिओ आला होता. क्रॉयडनचे वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक स्टॅनली मॉकफर्ड यांना सांगण्यात आलं, की संकटात चटकन तोंडात येईल आणि वैमानिकांना, जमिनीवरच्या माणसांना ऐकताक्षणी कळेल असा शब्द सुचवा. क्रॉयडनची बरीचशी ये-जा ल बुर्जेशी होती. त्यांनी फ्रेंचमधला 'मेदे' उचलला, म्हणजे 'मला मदत करायला', आणि इंग्रजी कानाला ओळखीचा वाटेल असा 'मे डे' करून दिला. १९२३ साली लंडनच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेने तोंडी संदेशांसाठी तो एसओएसच्या जोडीला बसवला.

मला यातलं सगळ्यात विलक्षण काय वाटलं सांगू? शब्द साधारणपणे लोकांच्या तोंडून वाहत, झिजत, अर्थ बदलत आपल्यापर्यंत येतात. हा तसा नाही. एका माणसाने कामाचा भाग म्हणून तो घडवला, जगाने अर्थासकट मान्य केला, आणि शंभर वर्षांत त्या अर्थाला ओरखडासुद्धा पडलेला नाही.

आता माझे प्रश्न. फ्रेंच येणाऱ्यांना हा 'मेदे' बरोबर वाटतो का? तीनदाच का म्हणायचं? आणि विमानात किंवा बोटीवर काम केलेलं कुणी इथे असेल, तर हा शब्द कानावर पडल्यावर पलीकडे नेमकं काय होतं ते लिहाल का? लेकीला तेच जास्त जाणून घ्यायचं आहे.

पर्वतीपायथा

धागा आवडला. मी इतकी वर्षं समजत होतो की याचा १ मेशी संबंध असणार. कामगारांच्या मोर्च्यांमधून आलेला संकटाचा इशारा, असं काहीतरी.

मुठाकाठ

@पर्वतीपायथा, माझाही पहिला अंदाज तोच होता. पण दोन्हींचा काही संबंध नाही. कामगार दिन शिकागोच्या १८८६च्या आंदोलनाच्या स्मरणार्थ, आणि तो पाळायचं ठरलं १८८९ला पॅरिसमध्ये. आपला महाराष्ट्र दिन १९६०चा. रेडिओवरच्या मेडेशी फक्त उच्चार जुळतो. इंग्रजीत लिहितानाही हा शब्द सलग, एकच लिहितात.

दुपारची_शिकवणी

मी फ्रेंच शिकवते. स्वतः रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. दरवर्षी एखादा विद्यार्थी हा शब्द घेऊन येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की 'मेदे' म्हणजे फ्रेंचमधलं 'मला मदत करा'. व्याकरणाने ते बसत नाही. आज्ञार्थात सर्वनाम क्रियापदाच्या मागून येतं, त्यामुळे 'मला मदत करा' हे 'एदे-मुआ' असं होईल. नुसता 'मेदे' एखाद्या मोठ्या वाक्याचा तुकडा म्हणूनच शोभतो. ते वाक्य 'व्हने मेदे', म्हणजे 'मला मदत करायला या'. त्यातलं 'या' गळलं आणि 'मला मदत करायला' एवढंच उरलं. लिहिताना शेवट दोन तऱ्हांनी होऊ शकतो, पण उच्चार एकच, त्यामुळे गोंधळ कायम राहिला. धागाकर्त्यांनी 'मदत करायला' असा अर्थ दिलाय तो अगदी बरोबर आहे.

आणि एक. बुडणारा फ्रेंच माणूस 'मेदे' असं ओरडणार नाही. तो 'ओ सकूर' ओरडेल, नाहीतर 'आ लेद'. म्हणजे हा शब्द फ्रेंचांच्या रोजच्या तोंडचा नाही आणि इंग्रजांच्याही नाही. माझ्या मते तीच त्याची खरी ताकद. रोजच्या बोलण्यात तो चुकून येत नाही. 'हेल्प' हा शब्द कुणी सामान चढवतानाही म्हणेल. मेडे म्हटला की दुसरा अर्थच निघत नाही.

शब्दओढ

वा. 'मला मदत करायला या' हे वाचून आपला 'धावा' आठवला. देवाचा धावा करणे. 'धाव' आणि 'पाव' ही दोन्ही क्रियापदं आपल्याकडे संकटातल्या हाकेसाठीच राखून ठेवल्यासारखी आहेत. त्यातही 'धाव' म्हणजे नुसतं 'वाचव' नाही, 'पळत ये'. थेट 'व्हने'. यावर नंतर सवडीने लिहितो.

पर्वतीपायथा

एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' ना? मग तोंडाने सरळ 'एस ओ एस' म्हणायला काय हरकत होती? नवा शब्द कशाला?

टिंबरेघ

@पर्वतीपायथा, मी हौशी रेडिओवाला आहे, घराच्या गच्चीवर अँटेना लावून बसणाऱ्यांपैकी. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

एसओएस ही कुठल्याही शब्दांची आद्याक्षरं नाहीत. 'सेव्ह अवर सोल्स' हा अर्थ लोकांनी मागाहून लावला. जर्मनीने १९०५ साली आपल्या रेडिओ नियमांत हा संकेत आणला, १९०६च्या बर्लिन परिषदेत तो आंतरराष्ट्रीय झाला आणि १ जुलै १९०८पासून लागू झाला. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं, आणि मधे अक्षरं तोडणारी थांब नाही. सगळं सलग. खरं तर ती तीन अक्षरं नाहीतच, एकच लांब खूण आहे. अक्षरांत लिहायची वेळ आली तेव्हा ती एस-ओ-एस अशी वाचता आली, एवढंच. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या कानालाही ती लय वेगळी लागते. किल्लीवर ठोकून बघा, किंवा टेबलावर बोटाने वाजवून बघा, लगेच कळेल.

त्याआधी मार्कोनी कंपनीच्या जहाजांवर १९०४पासून सीक्यूडी होता. 'सीक्यू' म्हणजे 'ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी', तो आम्ही आजही रोज वापरतो, आणि 'डी' संकटाचा. १९१२ला टायटॅनिकवरून सीक्यूडी आणि एसओएस दोन्ही गेले होते.

आता तोंडाने का नाही. घोडं अडलं ते 'एस'वर. १९२३च्या बातमीत कारण स्पष्ट दिलंय, की फोनवर 'एस' हे अक्षर नीट ओळखू येत नाही. याचं शास्त्र सोपं आहे. 'स' म्हणताना जो सीत्कार निघतो त्याचा बराचसा जोर उंच कंप्रतेत (फ्रिक्वेन्सीत) असतो, चार हजार हर्ट्झ आणि त्याच्याही वर. टेलिफोनचा मार्ग साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. म्हणजे 'स'चा 'स'पणा वाटेतच गळतो आणि पलीकडे 'एस' आणि 'एफ' सारखेच ऐकू येतात. फोनवर स्पेलिंग सांगताना आपण 'एस फॉर सातारा' म्हणतो ते याचमुळे. आता 'मेडे' बघा. म, ए, ड, ए. चारही घोष ध्वनी, दोन लांब स्वर, सगळा जोर खालच्या पट्टीत. इंजिनाची घरघर असो, वादळाची खरखर असो, 'ए-ए' असा आकार पार होतोच.

एका अक्षराने काय होतं हे आपण पुणेकरांना वेगळं सांगायला नको. 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणरावांचा जीव गेला अशी आख्यायिका शनिवारवाड्याशी कायमची जोडली गेली आहे. तिथे अक्षर मुद्दाम बदललं असं म्हणतात. इथे ते हवेत आपोआप बदलत होतं.

शब्दओढ

@टिंबरेघ, तुम्ही शनिवारवाड्यापाशी आणून सोडलंत, आता सवडीची वाट बघवत नाही.

मराठी मुलखातली सगळ्यांना पाठ असलेली संकटाची हाक कोणती? 'काका, मला वाचवा.' ३० ऑगस्ट १७७३. लहानपणी आजी शनिवारवाडा दाखवायला घेऊन गेली होती. तिने ती गोष्ट सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, "मग काकांना ऐकू नाही आलं?" आजी म्हणाली, "ऐकू आलं रे." एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून पुढे चालू लागली. आज हा धागा वाचताना ते आठवलं. हाक मारणाऱ्याने काय म्हणायचं याचा आपण विचार करतो. ऐकणाऱ्यावर काय बंधन येतं, खरी गोष्ट तिथे आहे. मेडेच्या मागे ते बंधन आहे का? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मनोरा

वरचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. मी हवाई वाहतूक नियंत्रणात पूर्ण नोकरी केली, निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक आहे.

बंधन आहे, आणि ते कडक आहे. विमानाने मेडे दिला की त्या कंप्रतेवरची बाकीची विमानं बोलणं थांबवतात. कुणी त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. नियंत्रकाच्या दृष्टीने त्या क्षणापासून ते एक विमान सगळ्यांच्या आधी. धावपट्टी मोकळी करायची, अग्निशमनच्या गाड्या बाहेर काढायच्या, रुग्णवाहिका बोलवायच्या. वैमानिकाने ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा टाकला की रडारच्या पडद्यावरही ते विमान वेगळं दिसू लागतं. आणि नियंत्रकाने स्वतःच्या आवाजात घाई येऊ द्यायची नाही. हे शिकायला मला पाच-सहा वर्षं लागली असतील.

तीनदा का म्हणतात याचं उत्तर : एकदा म्हटलेलं खरखरीत हरवू शकतं, किंवा अशाच काहीतरी उच्चाराच्या दुसऱ्या शब्दासारखं वाटू शकतं. शिवाय 'मला मेडे ऐकू आला' असं एखादा तिसराच माणूस कळवत असेल, तर तो बोलण्यात हा शब्द एकदा वापरणार. तीनदा सलग आला म्हणजे हाक मारणारा स्वतः संकटात आहे. त्यानंतर नाव, मी कुठे आहे, काय झालंय, काय मदत हवी, आणि माणसं किती. हा शेवटचा आकडा आम्ही आवर्जून विचारतो. बचाव करणाऱ्यांना कितीजणांना शोधायचंय ते त्याच्यावरून ठरतं.

मेडेच्या खालची पायरी 'पॅन-पॅन'. तोही तीनदा. हाही फ्रेंचच, 'पान' म्हणजे बिघाड. प्रवाशाची तब्येत बिघडली, एखादी यंत्रणा बंद पडली, लक्ष द्या पण विमान लगेच धोक्यात नाही, अशा वेळी तो. मेडे फक्त जीव तत्काळ धोक्यात असेल तेव्हाच. खोटा मेडे देणं पुष्कळ देशांत गुन्हा आहे.

आता एक प्रसंग सांगतो, जो आमच्या पिढीला प्रशिक्षणात शिकवला गेला. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका ५२, बोईंग ७०७. हवा खराब, गर्दी, आणि विमान ठिकठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी 'आम्हाला प्राधान्य द्या' म्हटलं, 'इंधन संपतंय' असंही म्हटलं. पण 'मेडे' म्हटलं नाही, 'आणीबाणी' म्हटलं नाही. त्यांना वाटलं आपण सांगितलं. नियंत्रकांना वाटलं, गर्दीच्या संध्याकाळी सगळेच इंधनाबद्दल बोलतात. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळताना चारही इंजिनं बंद पडली. १५८ जणांपैकी ७३ गेले. आज इंधनाची आणीबाणी सांगायची पद्धत ठरलेली आहे, मेडे तीनदा आणि पुढे 'फ्युएल'. ते ऐकल्यावर कुणाला अंदाज बांधत बसावा लागत नाही.

शिकवताना मी मुलांना हेच सांगायचो की सौजन्याने बोलायच्या वेळा वेगळ्या. अडचण सांगताना आपला माणूस संकोचतो. 'जरा बघता का', 'शक्य असेल तर'. घरी ते छान असतं. रेडिओवर तो संकोच जिवावर बेततो.

दुपारची_शिकवणी

@निवृत्त_मनोरा, काका, हे वाचून अंगावर काटा आला. स्पॅनिशमधला 'प्रियोरिदाद' त्यांच्या कानाला किती जोराचा वाटत असेल, आणि इंग्रजीत त्याचं 'प्राधान्य' झाल्यावर तो जोर किती उतरला असेल. भाषांतरात अर्थ राहतो आणि निकड सांडते. म्हणून मेडेचं भाषांतर कुणीच करत नाही, ना स्पेनमध्ये, ना जपानमध्ये.

पर्वतीपायथा

मग मराठीत 'धावा, धावा, धावा' असा प्रतिशब्द करावा हा विचार मागे घ्यायला हवा. मी तोच लिहायला आलो होतो.

शब्दओढ

मागे घ्यायची गरज नाही, जागा बदलायची. रेडिओवर मेडेच हवा, त्यात वाद नाही. वाडीत, वस्तीत, आपल्याच माणसांत अजून 'धावा'च कामाला येतो. आमच्या गावी पलीकडच्या आळीत आग लागली तेव्हा एका बाईने एकदाच 'धावा ओ धावा' म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला हंडे-कळशा घेऊन माणसांची रांग लागली होती. कुठे, काय, कुणाकडे, असं विचारत कुणी थांबलं नाही. शब्द नियमाने ठरवलेला असो की परंपरेने, ऐकणाऱ्याचे पाय हलले पाहिजेत.

डेकवरून

घरी सुट्टीवर आहे म्हणून हे वाचायला मिळालं. मर्चंट नेव्हीत आहे.

समुद्रावर ऐकणाऱ्यावरचं बंधन आणखी पुढे जातं. मेडे ऐकला, आपण मदत करू शकतो, आणि आपल्या जहाजाला धोका नाही, तर कॅप्टनला वाट सोडून तिकडे जायलाच लागतं. तो आंतरराष्ट्रीय नियम आहे. व्हीएचएफ या बोलायच्या रेडिओचा सोळावा चॅनल आम्ही दिवसरात्र उघडा ठेवतो. दूरच्या बोटीचा मेडे किनाऱ्यापर्यंत पोचला नाही असं वाटलं, तर आपण तो पुढे म्हणायचा, 'मेडे रिले'. आणि मेडे चालू असताना कुणी मधे बडबडलं, तर 'सिलाँस मेडे' म्हणून गप्प करतात. तोही फ्रेंच उच्चारातच म्हणायचा. संकट संपलं की 'सिलाँस फिनी'. तो ऐकल्यावर ब्रिजवर सगळ्यांचे खांदे खाली येतात. (आमच्याकडे जहाज जिथून चालवतात त्या जागेला ब्रिज म्हणतात.)

२६ मार्च २०२४ला बाल्टिमोरला 'डाली' जहाज पुलाला धडकलं, ते सगळ्यांनी बघितलं असेल. खलाशांपैकी २० जण भारतीय होते. जहाजाची वीज गेली, आवरणं शक्य नाही हे दिसल्यावर संकटाचा संदेश गेला, आणि पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या. पुलावर खड्डे बुजवणारी माणसं होती, त्यातले सहाजण वाचले नाहीत. पण रात्रीच्या त्या वेळी आणखी गाड्या पुलावर चढल्या असत्या, त्या थांबल्या. पूल काही सेकंदांत कोसळला. त्याआधी जे काही दोन-चार मिनिटं हातात होती, ती त्या हाकेने कामाला लावली.

कातळवाट

समुद्र आणि आकाश झालं, डोंगराचं मी सांगतो. सह्याद्रीत रेंज नसते आणि वॉकीटॉकी प्रत्येकाकडे नसतो. तिथे शिट्टी. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा. रात्री टॉर्चनेही तसंच. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं ते मिनिटात तीनदा. मधलं गप्प मिनिट फार महत्त्वाचं, कारण उत्तर त्यातच ऐकू येतं. नवीन मुलं घाबरली की सलग वाजवत सुटतात.

दोन पावसाळ्यांपूर्वी राजगडाच्या एका वाटेवर दाट धुक्यात आमच्यातला एकजण घसरून खालच्या टप्प्यावर अडकला. पाय मुरगळलेला, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. त्याने हाका मारल्या तर आवाज कड्यावर आपटून भलतीकडून येत होता. मग शिट्टी सुरू झाली. सहा झाल्या, आम्ही तीन दिल्या. तो थांबला, परत सहा. तासाभरात त्याच्यापर्यंत पोचलो. तो पहिलं वाक्य बोलला ते हे, की तुमच्या तीन ऐकल्यावर मी रडलो. शिट्टी बॅगेच्या पट्ट्याला बांधलेली असू दे, बॅगेच्या तळाशी नको. एवढं सगळ्यांनी करा.

टिंबरेघ

@कातळवाट, उत्तर मिळणं किती मोठं असतं त्याचा एक दाखला. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने संकटाचं यंत्र केलंय. बटण दाबलं की उपग्रहामार्गे तटरक्षक दलाला संदेश जातो. पहिल्या यंत्रात संदेश फक्त जायचा. नव्या पिढीच्या यंत्रात उलट उत्तर येतं, तुमची हाक पोचली, मदत निघाली आहे. किनाऱ्यावर ज्यांचं कुणी असेल त्यांनी १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांकही पाठ करून ठेवावा.

भरतीओहोटी

मी रोज हा धागा वाचतेय आणि रोज थांबतेय. आज लिहितेच.

माझे बाबा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. ती नोकरीच आता उरली नाही. १ फेब्रुवारी १९९९ला नवी उपग्रहाची पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सवर कान लावून बसणारा माणूस जहाजावर लागेनासा झाला. बाबा त्याच्या आसपास घरी आले. येताना भंगारात निघालेल्या एका जहाजावरचं रेडिओ-खोलीचं घड्याळ घेऊन आले. पितळी, जड, थाळीएवढं. आमच्या कोथरूडच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय.

त्या घड्याळाच्या तबकडीवर चार पाचरी रंगवलेल्या आहेत. पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांवर दोन लाल. बाराच्या आकड्यापासून तीन मिनिटं आणि अर्ध्यापासून तीन मिनिटं, अशा दोन हिरव्या. लाल पाचर ५०० किलोहर्ट्झची, मोर्ससाठी. हिरवी २१८२ची, बोलायच्या रेडिओसाठी. काटा त्या पाचरीत असताना जगातल्या सगळ्या जहाजांनी त्या कंप्रतेवर गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. तीन मिनिटं. ज्याच्या बॅटरीत जेमतेम जीव उरलाय त्याची हाक त्या शांततेत ऐकू यावी म्हणून. कडेला लाल रेघाही आहेत, चार-चार सेकंदांच्या. त्या बघून बारा लांब डॅश पाठवायचे, मग दूरच्या जहाजावर यंत्र आपोआप ते ओळखून झोपलेल्या ऑपरेटरच्या उशाशी घंटा वाजवायचं.

बाबा म्हणतात हे सगळं टायटॅनिकने शिकवलं. कॅलिफोर्नियन नावाचं जहाज जवळ होतं. त्यावर एकच ऑपरेटर, तो दिवसभराचं काम संपवून टायटॅनिक धडकायच्या थोडंच आधी यंत्र बंद करून झोपला. त्याची चूक नव्हती, तसा नियमच नव्हता. कार्पेथियाच्या ऑपरेटरने हाक ऐकली. ते जहाज सुमारे पन्नास सागरी मैल लांबून आलं आणि सातशेवर माणसं वर काढली.

@मुठाकाठ, तुमच्या लेकीला घड्याळ बघायचं असेल तर रविवारी घेऊन या. बाबांना विचारलंय. ते म्हणाले, चारच्या आधी या, म्हणजे सव्वाचार सापडेल.

मुठाकाठ

मंडळी, काल जाऊन आलो. लेकीच्या सांगण्यावरून लिहितोय.

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कान आता थोडे कमी ऐकतात, पण बोटं टेबलावर मोर्स अजून स्वच्छ वाजवतात. लेकीचं नाव त्यांनी वाजवून दाखवलं, मग तिने त्यांचं वाजवलं. चहा आला. ते क्रॉयडनबद्दल सांगत होते आणि वाक्याच्या मधेच थांबले. आम्ही वर बघितलं. काटा लाल पाचरीत गेला होता. ताईंनी आम्हाला खुणेने बसून राहायला सांगितलं. खालून एक रिक्षा गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली, परत शांत. तीन मिनिटं बरीच मोठी असतात हे मला काल कळलं.

काटा बाहेर पडल्यावर लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कधी ऐकू आला?"

"एकदा," ते म्हणाले. "अरबी समुद्रात. पावसाळा होता. एवढी वर्षं रोज ऐकायची तयारी ठेवलेली, आणि आला तेव्हा पेन्सिल दाबून मोडली. दुसरी कानामागे होती. आधी वेळ लिहिली. वेळ आधी लिहायची, मग बाकीचं. मग कॅप्टनकडे धावलो."

"माणसं मिळाली?"

"अकरा. दुसऱ्या दिवशी दुपारी." थोडं थांबून म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं तेवढीच. अकराच."

लेकीने आणखी काही विचारलं नाही. आम्ही निघायला हवं होतं, पण साडेचार वाजले आणि काटा हिरव्या पाचरीत शिरला. ती परत खाली बसली.